संहितेचा तिसरा भाग आमच्या तालुक्यात कधी पोचणार?

प्रति,
मा. सचिव, कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळ, नवी दिल्ली

विषय : नादारी आणि दिवाळखोरी संहिता, 2016 चा तिसरा भाग सर्वसामान्य कर्जदारांसाठी लागू करण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात वकिली करते. तालुका विधी सेवा समितीच्या पॅनलवर आहे आणि विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्याकडे खून-मारामाऱ्यांची कामं कमी, पैशाची जास्त. पतसंस्थेची वसुली, चेक न वटल्याच्या म्हणजे कलम 138 च्या केसेस, सावकाराने खरेदीखत करून लिहून घेतलेली शेती, फायनान्सवाल्यांच्या नोटिसा. कर्जात बुडालेल्या माणसांशी बोलण्यातच माझा दिवस जातो. या माणसांसाठी संसदेने 2016 साली एक कायदा केला. तो माझ्या टेबलावर आहे, माझ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. पक्षकारासाठी मात्र मला तो वापरता येत नाही, कारण तुम्ही तो आजवर लागूच केलेला नाही.

वकील नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. टी. के. विश्वनाथन समितीने नोव्हेंबर 2015 मध्ये अहवाल दिला आणि 28 मे 2016 रोजी संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तिचा दुसरा भाग कंपन्यांसाठी आहे. तिसरा भाग, कलम 78 ते 187, माणसांसाठी आणि भागीदारी संस्थांसाठी. त्यात तीन वाटा दिल्या आहेत. अगदी गरीब कर्जदाराचं छोटं, विनातारण कर्ज माफ करून त्याला नवी सुरुवात करू देणे, ही पहिली. कमाई असलेल्याने सगळ्या देणेकऱ्यांसमोर, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्यासमोर, परतफेडीचा आराखडा ठेवणे, ही दुसरी. तेही जमलं नाही तर रीतसर दिवाळखोरी, आणि साधारण वर्षभराने कर्जातून मुक्तता, ही तिसरी. कंपन्यांचा भाग 1 डिसेंबर 2016 पासून सुरू झाला. तिसऱ्या भागाचा फक्त एक तुकडा 1 डिसेंबर 2019 पासून सुरू केला गेला, आणि तो कोणासाठी? कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली ललितकुमार जैन प्रकरणात ही अधिसूचना वैध ठरवली. वैध असेल, त्यावर माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं उरलेल्यांबद्दल आहे. बँकांना ज्यांच्याकडून वसुली करायची होती त्यांच्यापुरतं दार उघडलं, आणि ज्यांना स्वतःला सोडवून घ्यायचं होतं त्यांच्यासाठी ते बंदच राहिलं.

गेल्या सत्रात हाच भाग शिकवत होते. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. तिच्या वडिलांची तालुक्याच्या गावी छोटी दालमिल होती. तिने विचारलं, "मॅडम, हे लागू नाही म्हणता, मग आमच्या बाबांनी कोणता अर्ज करायचा?" उत्तर मला माहीत होतं, आणि तिला ते सांगताना मला लाज वाटली. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते सगळ्यांसमोर.

त्या प्रश्नाचं उत्तर आहे प्रांतिक नादारी कायदा, 1920. तुमची संहिता हा कायदा रद्द करते, पण रद्द करणारं कलम 243 सुद्धा लागू झालेलं नाही. 2017 साली केंद्र सरकारनेच खुलासा केला, की व्यक्तींच्या नादारीसाठी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे येऊ नका, जुन्या कायद्याखालीच जा. म्हणजे मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांना 1909 चा कायदा आणि बाकी आम्हाला 1920 चा. तो कायदा ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचावा. 500 रुपयांचं कर्ज असलं, किंवा हुकूमनाम्यापोटी, म्हणजे पैसे भरण्याच्या कोर्टाच्या निकालापोटी, अटक वा जप्ती झालेली असली, की कर्जदाराला अर्ज करता येतो. कोर्टाने नादार ठरवलं की त्याची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. मुक्ततेसाठी त्याला वेगळा अर्ज करावा लागतो. त्या वेळी मालमत्तेतून विनातारण देण्याच्या रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर हे आपल्या दोषामुळे झालं नाही हे त्यालाच पटवून द्यावं लागतं, नाहीतर पूर्ण मुक्तता मिळत नाही. देणेकऱ्यांशी वाटाघाटी करून देणारा तज्ज्ञ नाही, ठरलेली मुदत नाही. आमच्या बारमधल्या ज्येष्ठ वकिलांना विचारलं तर नादारीचा अर्ज चालवल्याचं आठवणारेही विरळा. कागदावर जिवंत असलेला हा कायदा व्यवहारात कधीच संपला आहे.

आता तुमच्या तिसऱ्या भागातल्या 'नव्या सुरुवाती'विषयी. समजा, उद्या सकाळी तुम्ही तो जसाच्या तसा लागू केला. माझ्या किती पक्षकारांना उपयोग होईल? या सवलतीला कोण पात्र हे ठरवणारं कलम 80 घेऊन मी बसले आणि एकेक नाव त्यात बसवून पाहिलं. एकही बसेना.

एक उदाहरण देते. एक विधवा बाई आहे, नाव सांगत नाही. नवरा गेला तेव्हा कपाशीची चार एकर शेती दिराशी सामाईक सातबाऱ्यावर. ती मजुरीला जाते. माझ्या टेबलावर तिने कापडी पिशवी उपडी केली. तीन वेगवेगळ्या मायक्रोफायनान्सची लॅमिनेट केलेली हप्ता कार्डं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिचा तोच फोटो, टाचणी लावलेल्या पावत्या, एका कार्डामागे पेनाने लिहिलेला वसुलीवाल्याचा मोबाइल नंबर. दुसरं कर्ज पहिल्याचे हप्ते भरायला, तिसरं दुसऱ्याचे. गटातल्या बायका एकमेकींना जामीन, त्यामुळे हप्ता चुकला की फायनान्सवाला नंतर येतो, आधी शेजारणीच दारात येतात. तिने मला विचारलं, "मॅडम, मले जेल होईन का?"

हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. उत्तर असं, की केवळ गरिबीमुळे पैसे देता आले नाहीत म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात 1980 मध्येच सांगितलं आहे. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी बाईला अटक करायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 56 ची मनाईच आहे. पण कर्ज देतानाच कोरा चेक घेऊन ठेवलेला असेल, तर गोष्ट फौजदारी होते; कलम 138 मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावागावांत कोरे चेक का घेतले जातात ते यावरून कळावं. दिवाणी देणं फौजदारी भीतीत बदलून ठेवायचं, एवढाच त्यामागचा हिशेब.

आता या बाईला कलम 80 लावा. वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांच्या आत हवं. मजुरी दिवसाला 300 धरली तर दोनशे दिवस काम मिळालं की मर्यादा संपली. दोनशे एकाव्या दिवशी कामाला गेली की ती अपात्र. सगळी मालमत्ता 20,000 च्या आत हवी. चार शेळ्या आणि शेतातला वाटा धरला की तिथेही बाद. पात्र कर्जांची बेरीज 35,000 च्या आत हवी. आज एकेका मायक्रोफायनान्सचं एकच कर्ज त्याहून मोठं असतं. आणि कर्जदाराच्या नावावर राहतं घर नसावं, गहाण असो वा नसो. घराची ही अट मला सर्वांत जास्त बोचते. तिला सरकारनेच घरकुल दिलंय. प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट भागात 1 लाख 20 हजारांचं अनुदान मिळतं, त्यातून उभ्या राहिलेल्या दोन खोल्या. सरकारने एका हाताने दिलेलं घर दुसऱ्या हाताने तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरावं, हे कुठल्या न्यायात बसतं?

रिझर्व्ह बँक काय म्हणते तेही पाहा. 2022 च्या निर्देशांनुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब मायक्रोफायनान्ससाठी कमी उत्पन्नाचं धरलं जातं. म्हणजे कर्ज द्यायच्या वेळी 3 लाखवालं घर गरीब, आणि त्या कर्जातून सुटायच्या वेळी 60,000 च्या जरा वर गेलेली बाईसुद्धा गरीब नाही. एक मोजमाप कुटुंबाचं आणि दुसरं एकट्या माणसाचं आहे, हे मला माहीत आहे. तरी पाचपट फरकाचं समर्थन त्यातून होत नाही. आकडे 2016 साली कायद्यात घातले गेले आणि तेव्हापासून तसेच आहेत. जो कायदा एकदाही वापरला गेला नाही, तो वापरण्याआधीच जुना झाला.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांचं, दालमिलवाल्याचं, दुःख निराळं. 2015-16 मध्ये तूर चढ्या भावाने घेऊन ठेवली. पुढच्या हंगामात विक्रमी पीक आलं आणि 5,050 रुपये हमीभाव असताना बाजार त्याच्याही खाली गेला. तालुक्यातल्या लहान मिलवाल्यांचं कंबरडं तिथेच मोडलं. या गृहस्थांनी पतसंस्थेचं घेतलं, मग एका खाजगी फायनान्सचं, मग बायकोचे दागिने ठेवले. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळवला. त्याला आव्हान द्यायचं तर आधी निम्मी रक्कम भरा! ज्याच्याकडे भरायला पैसे नाहीत म्हणून दाखला निघाला, त्याने निम्मे भरून दाद मागायची. तिकडे दोन व्यापाऱ्यांच्या 138 च्या केसेस वेगवेगळ्या कोर्टांत. सगळे देणेकरी एका ठिकाणी येतील, सगळ्यांची वसुली काही दिवस थांबेल आणि कोणाला किती मिळू शकतं हे शांतपणे ठरेल, अशी एकही जागा त्यांच्यासाठी नाही. जो आधी पोचला त्याने उचलायचं, अशी ही धावपळ. मिलची मोटर पहिल्याने उचलली, आणि मोटर गेल्यावर दुसऱ्यांना द्यायला मिल कमावणार कशी?

हाच धंदा कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) म्हणून नोंदलेला असता तर? सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांसाठी 2021 साली तुम्ही पूर्वनियोजित निराकरणाची सोय आणली. किमान थकबाकी 10 लाख ठेवलीत, उद्योजकाच्या हातात धंदा राहू दिलात. चांगलं केलंत. पण ती सोय 'कॉर्पोरेट' कर्जदारालाच. आमच्याकडचे दालमिल, तेलघाणे, वीटभट्ट्या, वेल्डिंगची दुकानं बहुतांशी एकट्याच्या मालकीची किंवा दोघा भावांच्या भागीदारीतली. त्यांच्यासाठी तोच तिसरा भाग, आणि तो बंद. कंपनीवर निराकरण प्रक्रिया सुरू झाली की तिच्याविरुद्धची 138 ची केससुद्धा थांबते, हे 2021 च्या पी. मोहनराज निकालाने ठरलं. संचालक त्यातून सुटत नाहीत हेही त्याच निकालात आहे. मिलवाल्याच्या बाबतीत माणूस आणि धंदा एकच, त्यामुळे थांबायला काहीच नाही.

असं म्हटलं की लगेच सांगितलं जातं, सामान्य माणसाला ही सवलत दिली तर लोक मुद्दाम कर्ज बुडवतील. याचं उत्तर तुमच्या संहितेतच आहे. निराकरण व्यावसायिक, म्हणजे अशी प्रकरणं हाताळणारा नोंदणीकृत तज्ज्ञ, अर्ज तपासतो, देणेकऱ्यांना हरकत घेता येते, अटी जाणूनबुजून मोडल्या तर कलम 91 खाली आदेश रद्द होतो, आणि बारा महिन्यांच्या आत पुन्हा ही सवलत मागता येत नाही. तारण असलेलं कर्ज तर नव्या सुरुवातीत माफ होतच नाही. आणि कंपन्यांचं काय? मंडळाच्याच आकड्यांनुसार निराकरण झालेल्या कंपन्यांमधून देणेकऱ्यांना मान्य दाव्यांच्या एक-तृतीयांशाच्या आसपास मिळतं. बाकीचं सोडलंच जातं ना? तिथे त्याला शिस्तबद्ध निराकरण म्हणायचं आणि घाटंजीच्या किंवा आर्णीच्या बाईचे 40,000 सोडले की नियत बिघडते म्हणायचं, हे मी मान्य करणार नाही. पतसंस्थेत ठेवी आमच्याच लोकांच्या असतात, त्या बुडाव्यात असं मी कधीच म्हणणार नाही. म्हणूनच मला माफीऐवजी प्रक्रिया हवी आहे, जिच्यात पतसंस्थेलाही वर्षानुवर्षं वसुलीची दरखास्त चालवण्याऐवजी जे मिळायचं ते लवकर मिळेल.

'कर्जमाफी तर झाली की', असंही ऐकवलं जातं. विदर्भाने माफ्या आणि पॅकेजं पाहिली आहेत. 2006 चं सहा जिल्ह्यांचं पॅकेज, 2008 ची केंद्राची माफी, 2017 आणि 2019 च्या राज्याच्या योजना. 2008 च्या पूर्ण माफीला दोन हेक्टरांची अट होती आणि आमच्या कोरडवाहू कास्तकाराकडे जमीन त्याहून जास्त, पण पाणी नाही. तो अर्धा बाहेरच राहिला. या माफ्या बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जापुरत्या असतात. कृषी केंद्राची उधारी, मायक्रोफायनान्स, सावकार, हातउसने यांना त्या शिवत नाहीत. सावकाराने बळकावलेल्या जमिनीसाठी 2014 चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून जमीन परत मिळते, आणि मी ते काम करते. पण तो उपाय त्या एका व्यवहारापुरता. माणसाच्या एकूण कर्जाकडे एकत्र बघणारा कायदा तुमच्याच कपाटात आहे.

आणि आमच्या भागाला हे नवं नाही. मध्य प्रांताने 1933 साली कर्ज सलोखा कायदा केला होता. सावकार आणि कुणबी समोरासमोर बसवून, रक्कम कमी करून, हप्ते बांधून देणारी मंडळं त्याखाली स्थापन झाली. 1939 मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी ऋणमुक्तीचा कायदा आला. व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ देऊ नये हा दामदुपटाचा नियम वऱ्हाडातली कोर्टं मानत आली. इंग्रजांच्या अमदानीत माणसाच्या एकूण कर्जाचा विचार होऊ शकत होता, तो आज का होऊ नये?

अजून एक, आणि हे विद्यार्थ्यांच्या वतीने. तिसऱ्या भागाखालचे अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायचे आहेत. ते न्यायाधिकरण 20 लाखांच्या वरच्या बँक कर्जांसाठी आहे आणि आमच्यासाठी ते नागपूरला. सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब. 35,000 च्या कर्जासाठी तिथे कोण जाणार, आणि इंग्रजी अर्ज कोण भरून देणार? निराकरण व्यावसायिक मोठ्या शहरांत. नवीन वकिलांना या क्षेत्रात यायचं आहे, पोरं-पोरी हुशार आहेत, पण तालुक्यात काम नाही म्हणून शिकणार नाहीत आणि शिकलेलं कोणी नाही म्हणून उद्या कायदा लागू झाला तरी अर्ज होणार नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते. तिसरा भाग सर्व व्यक्तींसाठी आणि भागीदारी संस्थांसाठी कोणत्या तारखेपासून लागू होणार, ते जाहीर करा. टप्प्याटप्प्याने करायचा असेल तर नव्या सुरुवातीपासून सुरुवात करा, शेवट तिथे नको. कलम 80 मधल्या तिन्ही रकमा वाढवण्याची दुरुस्ती संसदेसमोर आणा आणि त्या दर काही वर्षांनी महागाईप्रमाणे बदलतील अशी तरतूद त्यातच करा. राहत्या घराची अट काढा, निदान सरकारी योजनेतलं घरकुल आणि ठरावीक किमतीपर्यंतचं घर त्यातून वगळा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात अर्ज स्वीकारण्याची आणि दूरदृश्य सुनावणीची सोय करा. नव्या सुरुवातीच्या अर्जात निराकरण व्यावसायिकाची फी कर्जदारावर टाकू नका, विधी सेवा प्राधिकरणाच्या यंत्रणेतून ती द्या. सगळे नमुने आणि माहितीपत्रकं मराठीत काढा. आणि हे सगळं होईपर्यंत 1920 च्या कायद्याखालचे अर्ज कसे घ्यायचे, कोणत्या मुदतीत निकाली काढायचे, याबद्दल राज्य सरकार आणि उच्च न्यायालय यांच्याशी बोलून मार्गदर्शक सूचना निघतील असं पाहा.

विदर्भातल्या माझ्या वकील बंधू-भगिनींनाही एक विनंती. 1920 चा कायदा कालबाह्य असला तरी आज तोच हातात आहे. ज्याच्यावर चार-पाच देणेकरी एकदम तुटून पडलेत अशा एखाद्या पक्षकारासाठी अर्ज दाखल करून पाहा. हुकूमनाम्याच्या टप्प्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20 नियम 11 खाली हप्ते मागायला विसरू नका. जप्तीला आलेल्या बेलिफाला त्याच संहितेचं कलम 60 दाखवा. कास्तकाराचे बैल, अवजारं, बियाणं आणि राहतं घर जप्त होत नाही हे अजून अनेक घरांना कोणी सांगितलेलंच नाही. आणि नवरा वारला असेल तर बायकोला ठणकावून सांगा, तिने स्वतः सही केलेली नसेल तर वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच तिची जबाबदारी आहे.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांचा नादारीचा अर्ज मी तयार करते आहे, 1920 च्या कायद्याखाली. तो दाखल होण्यापूर्वी तुमचं उत्तर आलं, तर अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा ते बदलायला मी एका पायावर तयार आहे. उत्तर मराठीत द्यावं, ही विनंती.

आपली,
एक वकील
जिल्हा यवतमाळ

प्रत माहितीसाठी : मा. विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन. विदर्भातील सर्व खासदार